मंडळीच्या पुढे अर्धं पाऊल

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एखाद्या मेथडिस्ट घरात कुणी म्हणालं असतं, की पोराला पाळक व्हायचंय म्हणून त्याला सेमिनरीत घालतो, तर वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या असत्या. पाळक व्हायला शाळा कशाला? देवाचं बोलावणं हवं, खणखणीत आवाज हवा आणि एक काटक घोडा हवा. खोगिराच्या पिशवीत बायबल, भजनांचं पुस्तक आणि पंथाची नियमावली टाकायची आणि निघायचं. एकेका उपदेशकाकडे शेकडो मैलांचा टापू असे. त्यातल्या वस्त्या, कोठारं, रानातल्या झोपड्या पालथ्या घालत तो वर्षभर फिरायचा. बिशप फ्रान्सिस ॲस्बरी १७७१ मध्ये इंग्लंडहून अमेरिकेत आले आणि १८१६ मध्ये वारले, तेही दौऱ्यावर असतानाच. तोवर त्यांची अडीच लाख मैलांहून जास्त रपेट झाली होती, असं मानतात.

गंमत अशी, की या पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली हे ऑक्सफर्डचे पंडित. पण अमेरिकेच्या जंगलात पंथ वाढला तो शाळेची फारशी ओळख नसलेल्या माणसांच्या जिवावर. पीटर कार्टराइट नावाचा त्यातला एक नामवंत घोडेस्वार उपदेशक १८४६ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या निवडणुकीत अब्राहम लिंकनकडून हरला. शिकलेल्या पाळकांची टिंगल करण्यात मात्र त्याला कुणी हरवू शकलं नाही. हार्वर्ड, येल, अँडोव्हर ही इतर पंथांची शिक्षणकेंद्रं. तिथून बाहेर पडणारे पाळक कागद समोर धरून प्रवचन वाचतात आणि ऐकणारे पेंगतात, असा मेथडिस्टांचा समज होता. शिक्षणानं आतली आग विझते, असं ते मानत. पाळकाच्या शिक्षणासाठी त्यांनी केलेली सोय साधी होती. पुस्तकांची एक यादी द्यायची, ती घोड्यावर बसून किंवा मुक्कामी वाचायची आणि वर्षाकाठी ज्येष्ठ पाळकांसमोर परीक्षा द्यायची.

अशा वातावरणात १८३९ मध्ये व्हरमाँट राज्यातल्या न्यूबरी या लहानशा गावी अमेरिकेतली पहिली मेथडिस्ट सेमिनरी उगवली. तिचंच आजचं नाव बॉस्टन युनिव्हर्सिटी स्कूल ऑफ थिऑलॉजी. या संस्थेचा पावणेदोनशे वर्षांचा इतिहास चाळताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. वर्गात जे पटलं ते मंडळीला, म्हणजे चर्चला, पटायला पन्नास ते ऐंशी वर्षं लागली. मधल्या काळाची किंमत विद्यार्थ्यांनी मोजली.

मासे, कपडे आणि बूट

न्यूबरीत सेमिनरीचा जीव लहान होता. १८४७ मध्ये ती शेजारच्या न्यू हॅम्पशर राज्यातल्या काँकॉर्डला गेली. तिथल्या काँग्रिगेशनल मंडळीनं आपलं जुनं प्रार्थनागृह तिला देऊन टाकलं. स्वतःच्या पंथाला नकोशी वाटणारी शाळा दुसऱ्या पंथाच्या वास्तूत रुजली. तिचा भार उचलणारे जॉन डेम्पस्टर स्वतः बहुतांशी स्वयंशिक्षित होते. कदाचित म्हणूनच शिक्षणाची किंमत त्यांना जास्त कळली असावी. काँकॉर्डची घडी बसल्यावर ते पश्चिमेकडे गेले आणि शिकागोजवळ इव्हॅन्स्टनला गॅरेट ही दुसरी सेमिनरी त्यांनी उभी केली.

१८६७ मध्ये संस्था बॉस्टनला आली. दोनच वर्षांनी तीन मेथडिस्ट व्यापाऱ्यांनी विद्यापीठाची सनद मिळवली. आयझॅक रिच मासळीचे व्यापारी, जेकब स्लीपर कपड्यांचे, ली क्लॅफ्लिन बूट-चामड्याचे. १८७१ मध्ये सेमिनरी या नव्या विद्यापीठात सामील झाली. म्हणजे बॉस्टन विद्यापीठाचं पहिलं महाविद्यालय हे ईश्वरविद्येचं. रिच यांनी मृत्युपत्रानं आपली मालमत्ता विद्यापीठाला दिली, पण १८७२ च्या नोव्हेंबरात बॉस्टनला प्रचंड आग लागली आणि त्या मालमत्तेतला मोठा भाग जळून गेला. गरिबी अशी जन्मापासूनच पाठीला लागली.

पैसा नव्हता, पण दारं उघडी होती. स्त्री-पुरुष, काळा-गोरा असा भेद प्रवेशाला आड येणार नाही, हे विद्यापीठानं सुरुवातीपासून ठरवलेलं होतं. अमेरिकेत पीएच.डी. मिळवणारी पहिली स्त्री, हेलन मॅगिल, १८७७ मध्ये इथूनच बाहेर पडली. न्यू ऑर्लिन्समध्ये गुलामीत जन्मलेले जॉन वेस्ली एडवर्ड बोवेन या सेमिनरीचे पदवीधर. १८८७ मध्ये ते या विद्यापीठाचे पहिले कृष्णवर्णीय पीएच.डी. झाले आणि पुढे अटलांटाच्या गॅमन सेमिनरीत त्यांनी कृष्णवर्णीय पाळकांच्या पिढ्या घडवल्या.

प्रवेश मिळाला, पण आत आल्यावर काय खायचं, याची सोय सगळ्यांसाठी सारखी नव्हती.

माळ्यावरची विद्यार्थिनी

ॲना हॉवर्ड शॉ १८७६ मध्ये इथे दाखल झाल्या. जन्म इंग्लंडमधला, बालपण मिशिगनच्या रानात लाकडी खोपटात. पाळक व्हायचं खूळ डोक्यात घेतलं म्हणून घरच्यांनी हात आखडता घेतलेला. वर्गात बेचाळीस पुरुष आणि त्या एकट्या. १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यांनी त्या दिवसांचा हिशेब दिला आहे, आणि तो हिशेबच सगळं सांगतो. उपदेशाचा परवाना असलेल्या मुलांना वसतिगृहात खोली फुकट. ती मुलं मिळून खानावळ चालवत, आठवड्याला सव्वा डॉलरमध्ये पोटभर जेवण. ॲनाबाईंकडेही तोच परवाना होता, पण वसतिगृह आणि खानावळ त्यांना बंद. त्यांना आठवड्याला दोन डॉलर मिळत, बाहेर खोली घेऊन राहण्यासाठी.

ट्रेमाँट स्ट्रीटवर त्यांनी एका घराचा माळा घेतला. न्यू इंग्लंडच्या हिवाळ्यात त्याला शेगडी नव्हती. दूध आणि बिस्किटं यांवर दिवस निघत, कधी तेही मिळत नसे. कपडे विरले, बुटांना भोकं पडली. इकडे वर्गात हिब्रू-ग्रीकचा अभ्यास आणि प्रवचनाची तालीम सगळ्यांबरोबर चाललेली. एके दिवशी वरच्या मजल्यावरच्या वर्गाकडे जाताना अशक्तपणानं त्या जिन्यातच बसल्या. स्त्रियांच्या परदेशी मिशन संस्थेच्या एका पदाधिकारी बाईंनी त्यांना तिथं पाहिलं, चौकशी केली आणि काही दिवसांत निरोप आणला. एका अनाम दात्या बाई आठवड्याला साडेतीन डॉलर देतील, अट एकच: अभ्यास सोडून पैशांसाठी कामं करायची नाहीत. त्या साडेतीन डॉलरवर शॉ १८७८ मध्ये पदवीधर झाल्या.

खरी परीक्षा पदवीनंतरची होती. १८७६ मध्ये ॲना ऑलिव्हर या मेथडिस्ट सेमिनरीची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या होत्या. १८८० मध्ये या दोघींनी पाळकीय दीक्षेसाठी अर्ज केला. बिशपांनी नकार दिला. प्रकरण पंथाच्या सर्वोच्च सभेपुढे, जनरल कॉन्फरन्सपुढे गेलं. तिथंही नकारच मिळाला, वर उपदेशाचे परवानेही काढून घेतले गेले. शॉ गप्प बसल्या नाहीत. त्याच वर्षी मेथडिस्ट प्रॉटेस्टंट या लहान शाखेनं त्यांना दीक्षा दिली. पुढे त्यांनी बॉस्टन विद्यापीठातूनच वैद्यकीय पदवी घेतली आणि १९०४ ते १९१५ अशी अकरा वर्षं स्त्रियांच्या मताधिकारासाठी झगडणाऱ्या राष्ट्रीय संघटनेचं अध्यक्षपद सांभाळलं. १९१९ मध्ये त्या वारल्या. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या स्त्रियांना मताधिकार मिळाला.

मेथडिस्ट मंडळीत स्त्रियांना पाळकपदाचे पूर्ण हक्क मिळाले १९५६ मध्ये. सेमिनरीनं पदवी दिली १८७६ मध्ये. मधली ऐंशी वर्षं या संस्थेत येणारी प्रत्येक विद्यार्थिनी ज्या कामाचं शिक्षण घेत होती, ते काम पूर्ण हक्कानं करायची मुभा तिला नव्हती.

तक्रार करणारे विद्यार्थी

विद्यार्थी नेहमी पुढे आणि मंडळी नेहमी मागे, असंही नाही. विसाव्या शतकाच्या तोंडावर चित्र उलटं होतं. जुना करार शिकवणारे प्राध्यापक हिंक्ली मिचेल उत्पत्तीच्या पुस्तकाकडे इतिहासाच्या आणि भाषेच्या नजरेनं पाहत. मोशेची म्हणून मानली जाणारी पुस्तकं अनेक हातांनी, अनेक शतकांत घडली, हे ते वर्गात सांगत. गावाकडून, घरच्या भक्तीत वाढून आलेल्या काही विद्यार्थ्यांना ते सोसवेना. त्यांनीच तक्रारी केल्या. तेव्हा प्राध्यापकाच्या नेमणुकीवर बिशपांचं शिक्कामोर्तब लागे. १९०५ मध्ये बिशपांनी मिचेल यांची फेरनेमणूक रोखली. मिचेल गेले, पण वाद असा पेटला की १९०८ च्या जनरल कॉन्फरन्सनं हा नियमच बदलला.

त्याआधी १९०४ मध्ये तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक बॉर्डन पार्कर बाउन यांच्यावर पाखंडाचा खटला चालला होता. ते निर्दोष सुटले. बाउन यांचा विचार पुढे ‘बॉस्टन पर्सनॅलिझम’ म्हणून ओळखला गेला. त्याचं सार असं, की विश्वाच्या मुळाशी जड पदार्थ नाही किंवा कोरडा नियमही नाही, तर व्यक्ती आहे. देव व्यक्ती आहे, आणि म्हणून प्रत्येक माणसाच्या व्यक्तित्वाला अशी किंमत आहे जी कुणी दिलेली नाही आणि कुणाला काढूनही घेता येत नाही. वर्गात हे तत्त्वज्ञान एडगर ब्राइटमन आणि हॅरोल्ड डीवूल्फ यांनी पुढे नेलं. फळ्यावर ते किचकट वाटे, पण ज्याला बसमध्ये मागे बसायला सांगितलं जातं त्याच्या कानावर पडलं, की त्याचा अर्थ लख्ख होत असे.

‘खोली भाड्याने देणे आहे’

१९५१ च्या सप्टेंबरात मार्टिन ल्यूथर किंग बॉस्टनला आले. वय बावीस. वडिलांनी दिलेली हिरवी शेव्हरोले गाडी घेऊन ते ब्राइटमन यांच्या हाताखाली पीएच.डी. करायला आले होते. सेमिनरी मेथडिस्ट आणि तिचा सगळ्यांत गाजलेला विद्यार्थी बॅप्टिस्ट. राहायची जागा शोधताना त्यांना उत्तरेकडचा वर्णभेद कळला. ‘खोली भाड्याने देणे आहे’ अशी पाटी असायची. दार उघडून चेहरा दिसला, की खोली नुकतीच गेलेली असायची. हे त्यांनी पुढे स्वतःच सांगितलं. शेवटी मॅसेच्युसेट्स अव्हेन्यूवरच्या ३९७ क्रमांकाच्या घरात ते एका मित्रासोबत राहू लागले.

तिथं कृष्णवर्णीय संशोधक विद्यार्थ्यांचा अड्डा जमे. त्यांनी त्याला भारदस्त नाव दिलं होतं, ‘डायलेक्टिकल सोसायटी’. बेत साधा: जेवण, मग एकानं निबंध वाचायचा आणि बाकीच्यांनी त्याच्या चिंध्या करायच्या. विषय देव, पाप, मुक्ती, नीतिशास्त्र. रविवारी रॉक्सबरीतल्या ट्वेल्थ बॅप्टिस्ट चर्चमध्ये प्रवचन. १९५२ मध्ये संगीत शिकणाऱ्या कोरेटा स्कॉट यांच्याशी ओळख आणि पुढच्या वर्षी लग्न. ब्राइटमन १९५३ मध्ये वारले, डीवूल्फ मार्गदर्शक झाले. टिलिक आणि वीमन या दोन विचारवंतांच्या ईश्वरकल्पनेची तुलना करणारा प्रबंध १९५५ मध्ये स्वीकारला गेला. या प्रबंधात इतरांचं लेखन श्रेय न देता उचललं आहे, हे पुढे उघड झालं. १९९१ मध्ये विद्यापीठाच्या समितीनं तसा निष्कर्ष काढला. पदवी कायम राहिली, पण तसं पत्र ग्रंथालयातल्या प्रतीला जोडलं गेलं. किंग यांच्या मोठेपणाला त्यानं धक्का लागला नाही, पण प्रबंध तपासणाऱ्या परीक्षकांच्या नजरेतून ते सुटलं होतं, ही गोष्ट संस्थेला कागदावर मान्य करावी लागली.

सेमिनरी तोवर बॉस्टनमधलं बीकन हिल सोडून चार्ल्स नदीकाठच्या कॉमनवेल्थ अव्हेन्यूवर आली होती. शेजारी १९५० मध्ये मार्श चॅपल उभं राहिलं. १९५३ मध्ये या चॅपलचे डीन म्हणून हॉवर्ड थर्मन आले. गोऱ्यांच्या बहुसंख्येच्या विद्यापीठात अशा पदावर बसलेले ते पहिले कृष्णवर्णीय. १९३६ मध्ये बारडोलीत त्यांनी गांधीजींची भेट घेतली होती. अहिंसेचा निर्भेळ संदेश जगाला कदाचित अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांकडूनच मिळेल, असं गांधीजी त्या भेटीत म्हणाल्याचं नमूद आहे.

थर्मन यांच्या वर्गाची एक गोष्ट तिथला एक यहुदी विद्यार्थी, झाल्मन शाख्टर, आयुष्यभर सांगायचा. तो तरुण रब्बी होता. पहाटे दुरून यायचा आणि वर्ग सुरू होण्याआधी प्रार्थनेला जागा शोधायचा. मोठ्या चॅपलमध्ये जिकडेतिकडे क्रूस, त्यामुळे तो बाहेरच्या खोलीत प्रार्थना करी. एका कृष्णवर्णीय माणसानं त्याला खालचं छोटं चॅपल वापरायला सुचवलं. तो माणूस सफाई कामगार असावा, असं शाख्टरला वाटलं. दुसऱ्या दिवशी खाली पाहतो तर पितळी क्रूस बाजूला सरकवलेला आणि बायबल स्तोत्रसंहितेवर उघडं ठेवलेलं. काही दिवसांनी थर्मन यांचा वर्ग घ्यावा की नाही, आपला धर्म त्यात टिकेल का, हे विचारायला तो डीनच्या कचेरीत गेला. खुर्चीत तोच माणूस बसलेला होता.

नागपूर आणि अपोलो बंदर

या सेमिनरीच्या गोष्टीत महाराष्ट्र दोन वाटांनी येतो.

पहिली वाट नागपूरची. जेम्स लॉसन हे ओहायोतल्या मेथडिस्ट पाळकाचे चिरंजीव. कोरियाच्या युद्धाच्या वेळी सक्तीच्या लष्करभरतीला त्यांनी नकार दिला आणि तेरा महिने तुरुंगात काढले. सुटल्यावर मेथडिस्ट मिशननं त्यांना १९५३ मध्ये नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात पाठवलं. तिथं तीन वर्षं ते मुलांना शिकवत, खेळांचे प्रशिक्षक म्हणून मैदानावर राबत आणि गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास करत. १९५५ च्या डिसेंबरात नागपूरच्या वर्तमानपत्रात त्यांनी वाचलं, की अमेरिकेत माँटगोमरी गावी कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार घातला आहे आणि किंग नावाचा तरुण पाळक त्यांचं नेतृत्व करतो आहे. ज्याची वाट पाहत होतो ते सुरू झालं, असं त्यांना वाटलं. १९५६ मध्ये ते मायदेशी परतले. त्याच वर्षी ऑक्टोबरात नागपुरात डॉ. आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. मानवी प्रतिष्ठेचा प्रश्न त्या दशकात दोन्ही देशांत एकाच वेळी पेटलेला होता.

किंग यांच्या आग्रहानं लॉसन दक्षिणेत, नॅशव्हिलला गेले. तिथल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या धर्मशास्त्र विभागात त्यांनी नाव घातलं आणि एका मेथडिस्ट चर्चच्या तळघरात विद्यार्थ्यांच्या कार्यशाळा सुरू केल्या. शिव्या कशा ऐकायच्या, मार खाताना डोकं कसं वाचवायचं, हात का उचलायचा नाही, याची तिथं तालीम होई. जॉन लुईस, डायेन नॅश ही मंडळी त्या तळघरातली. फेब्रुवारी १९६० मध्ये ही मुलं गोऱ्यांसाठी राखीव उपाहारगृहांत जाऊन बसली. मार्चमध्ये विद्यापीठानं लॉसन यांना काढून टाकलं. निषेध म्हणून तिथल्या बहुतेक धर्मशास्त्र प्राध्यापकांनी राजीनामे दिले. मे महिन्यात नॅशव्हिलच्या उपाहारगृहांनी दारं उघडली. तडजोड होऊन लॉसन यांना परतायची मुभा मिळाली, पण त्यांनी उरलेला अभ्यास बॉस्टनच्या सेमिनरीत पूर्ण केला आणि त्याच वर्षी पदवी घेतली.

दुसरी वाट मुंबईची. जेम्स मॅथ्यूज यांनी १९३८ मध्ये बॉस्टनची पदव्युत्तर पदवी घेतली आणि ते थेट मुंबईत अपोलो बंदराजवळच्या बोवेन मेमोरियल मेथडिस्ट चर्चचे पाळक म्हणून आले. हे चर्च जॉर्ज बोवेन यांच्या नावानं आहे. १८४८ मध्ये मुंबईत आलेले हे अमेरिकन मिशनरी अत्यंत साधेपणानं राहिले आणि इथंच वारले. मॅथ्यूज यांचं लग्न मिशनरी ई. स्टॅन्ली जोन्स यांच्या कन्येशी झालं. जोन्स यांचं गांधीजींवरचं पुस्तक वाचून अहिंसक लढ्याची दिशा मिळाली, असं किंग यांनी पुढे या कन्येला सांगितलं. मॅथ्यूज यांनी स्वतः सत्याग्रहावर कोलंबिया विद्यापीठात पीएच.डी. केली. त्यांचा तो अभ्यास १९८९ मध्ये मुंबईच्या भारतीय विद्या भवननं पुस्तकरूपानं काढला. १९६० मध्ये ते बॉस्टनचे बिशप झाले. १९६४ च्या ईस्टरला ते कृष्णवर्णीय बिशप चार्ल्स गोल्डन यांच्यासोबत मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरी एका मेथडिस्ट चर्चच्या पायऱ्या चढले. दारावरच्या मेथडिस्टांनी आपल्याच पंथाच्या दोन बिशपांना आत घेतलं नाही.

हे अचानक घडलेलं नव्हतं. १९३९ मध्ये मेथडिस्टांच्या दुभंगलेल्या शाखा एकत्र आल्या तेव्हा कृष्णवर्णीय मंडळ्यांसाठी एक वेगळा प्रशासकीय विभाग काढला गेला होता. तो १९६८ मध्ये बरखास्त झाला. जॉन वेस्ली एडवर्ड बोवेन यांना बॉस्टननं पीएच.डी. दिल्याला तेव्हा एक्क्याऐंशी वर्षं उलटली होती.

बाकांवर झोपलेले विद्यार्थी

त्याच १९६८ च्या ऑक्टोबरात मार्श चॅपलमध्ये वेगळीच उपासना चालली होती. व्हिएतनाम युद्धाला विरोध म्हणून सैन्यातून पळालेला रे क्रोल नावाचा अठरा वर्षांचा सैनिक तिथं आश्रयाला आला होता. सेमिनरीच्या विद्यार्थ्यांनी पुढाकार घेतला आणि विद्यापीठातले शेकडो विद्यार्थी चॅपलच्या बाकांवर झोपू लागले. भाषणं, गाणी, प्रार्थना, वाद असे दिवस चालले. रविवारी पहाटे केंद्रीय पोलीस आले आणि झोपलेल्यांना ओलांडत क्रोलला घेऊन गेले. अटक थांबली नाही, पण पाळकाचं काम नेमकं कुठपर्यंत, हा वर्गातला प्रश्न त्या आठवड्यात वर्गाबाहेर सोडवला गेला.

आज या चॅपलसमोरच्या चौकात सर्जियो कास्तियो यांचं शिल्प आहे, उडणाऱ्या पन्नास कबुतरांचं, किंग यांच्या स्मरणार्थ. समोरून ग्रीन लाइनची ट्राम जाते. सेमिनरीचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा. बायबल, इतिहास, नीतिशास्त्र, उपदेशकला आणि त्यासोबत चर्च, इस्पितळ, तुरुंग, सामाजिक संस्था अशा ठिकाणी प्रत्यक्ष काम. मृत्यूच्या दारातल्या माणसापाशी बसणं हे पुस्तकातून येत नाही, म्हणून विद्यार्थी इस्पितळाच्या खाटांशेजारी शिकतात. आसपासच्या इतर सेमिनऱ्यांतही वर्ग घेता येतात, त्यामुळे मेथडिस्ट मुलगा कॅथलिक प्राध्यापकाकडून शिकतो. ॲना शॉ यांच्या वर्गात बाई एक होती. आज संस्थेच्या डीन सुजिन पॅक या आहेत, आणि त्यांच्या आधीच्या डीनही स्त्रीच होत्या.

गेल्या पन्नास वर्षांचा वाद समलिंगी व्यक्तींच्या दीक्षेचा होता. १९७२ मध्ये पंथानं, म्हणजे आताच्या युनायटेड मेथडिस्ट चर्चनं, समलैंगिकता ख्रिस्ती शिकवणीशी विसंगत ठरवली आणि १९८४ मध्ये अशा व्यक्तींना पाळकपदाची बंदी घातली. सेमिनरीच्या वर्गात त्यांना बाक होता, मंडळीत वेदी नव्हती. २०१९ मध्ये नियम आणखी आवळले गेले, आणि अखेर २०२४ च्या जनरल कॉन्फरन्सनं ही बंदी उठवली. पण २०१९ ते २०२३ या काळात सात हजार सहाशेहून अधिक अमेरिकन मंडळ्या पंथ सोडून गेल्या होत्या, म्हणजे सुमारे एक चतुर्थांश.

वर्गाचं म्हणणं मान्य झालं तेव्हा ऐकणारे एवढे कमी झाले होते. या संस्थेच्या इतिहासात पूर्वी असं घडलं नव्हतं. शॉ यांना नाकारणारी मंडळी तरी जाग्यावर होती, तिच्याशी भांडता येत होतं. आताच्या विद्यार्थ्याला पदवीनंतर जे चर्च मिळेल तिथे कदाचित तीस माणसं असतील, त्यातली अर्धी गेलेल्या शेजाऱ्यांवर रुसलेली. त्याच्यापुढचं काम अधिक अवघड आहे. ते कसं करायचं, हे लॉसन यांच्याकडे पाहून कळतं. नॅशव्हिलहून ते बॉस्टनला आले ते पदवी घेण्यापुरते. नंतर ते मेम्फिसच्या एका मेथडिस्ट चर्चचे पाळक झाले आणि १९६८ च्या सफाई कामगारांच्या संपात उतरले. नंतर लॉस एंजलिसच्या एका चर्चमध्ये त्यांनी १९९९ पर्यंत पाव शतक काढलं. दर रविवारी प्रवचन, दर आठवड्याला आजारी माणसांच्या भेटी, लग्नं, अंत्यविधी. २०२४ च्या जूनमध्ये, पंथानं ती बंदी उठवल्यानंतर काही आठवड्यांनी, ते वारले. मंडळीच्या पुढे अर्धं पाऊल टाकणारे विद्यार्थी या सेमिनरीनं पुष्कळ दिले. पण पुढे गेल्यावर मंडळीसोबत चालत राहणारे लॉसन यांच्यासारखे पाळक तिला यापुढे जास्त लागणार आहेत.